आजारी रजा की करार?

विमान रद्द झालं की आपल्या मंडळींचं ठरलेलं वाक्य: "युनियनवाल्यांनी वाट लावली!" पण जुलै 2022 आठवा. हैदराबाद आणि दिल्लीला इंडिगोचे टेक्निशियन पगारावरच्या नाराजीतून एकगठ्ठा आजारी रजेवर गेले. मला त्यात युनियनचा जोर दिसत नाही, बोलणी करायला टेबलच नसणं दिसतं.

बँकांत पहिला द्विपक्षीय करार 1966 ला झाला. पुढचे सगळे वेळेवर झाले असं नाही हो. नोव्हेंबर 2017 पासूनचा अकरावा करार, त्यावर सह्या झाल्या नोव्हेंबर 2020 ला! मधे संपही झाले. पण थकबाकी मिळाली, आणि कुणाशी बोलायचं ते कारकुनालाही ठाऊक होतं.

कॅनडात वेस्टजेटच्या मेकॅनिकांनी जून 2024 अखेर संप केला. शेकडो उड्डाणं रद्द झाली, लोक चिडले; पण समोर युनियन होती, म्हणून दोन-तीन दिवसांत तोडगा निघाला.

आमची लेजरमधली चूक संध्याकाळी टॅली करताना सापडायची. उडालेल्या विमानाचं तसं नाही. त्याची तपासणी करणाऱ्यांशी कंपनीने दर काही वर्षांनी रीतसर करार करावा. त्यापायी इंदूर-पुणे तिकीट दोनशे रुपयांनी वाढलं, तर माझी तक्रार नाही.