सरस्वतीपूजन आणि गावचे ग्रंथालय

आज विजयादशमी. घरोघरी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाईल, पोथ्यापुस्तकांना गंधाक्षता वाहिल्या जातील, मुले आपट्याची पाने घेऊन वडीलधाऱ्यांना नमस्कार करतील. या मंगल दिवशी ज्ञानाच्या एका उपेक्षित मंदिराकडे, म्हणजे आपल्या गावच्या किंवा पेठेतल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे, वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रातील ग्रंथालये मुळात सरकारी हुकुमाने निघालेली नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. अशा संस्था जाणत्या मंडळींच्या पुढाकाराने आणि वर्गणीदारांच्या आधाराने वाढल्या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकन तज्ज्ञ बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हाही लोकांचा वाटा गृहीत धरलेला होता. गावकऱ्यांनी जितकी रक्कम जमवावी, तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच संस्थानाने द्यावी, अशी ती योजना होती. ज्या कामात आपला पैसा पडला त्याकडे मनुष्य आपलेपणाने पाहतो, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या प्रांतांनी निरनिराळे मार्ग धरले. मद्रासने १९४८ साली, डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने, कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला; कर्नाटकानेही १९६५ च्या कायद्यात उपकराचा स्वीकार केला. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमात मात्र उपकराची तरतूद नाही. येथे संस्था लोकांची आणि अनुदान शासनाचे, अशी रचना आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून, ठरावीक कमाल मर्यादेत, मान्य खर्चाच्या ९० टक्के अनुदान दिले जाते. उरलेला भार संस्थेने उचलावयाचा असतो.

ही रचना वरकरणी उदार दिसते. पण तिचा एक परिणाम जनमानसावर झाला. ‘सरकार देते ना, मग आम्ही कशाला?’ ही भावना रुजली. वास्तविक मर्यादा ठरलेली असल्याने महागाई वाढली तरी अनुदान आपोआप वाढत नाही. २०२२ साली शासनाने त्यात ६० टक्के वाढ मंजूर केली, ती स्वागतार्हच होती. तथापि ड वर्गाच्या लहान ग्रंथालयास आजही तुटपुंज्या रकमेतच कर्मचाऱ्याचे मानधन, वीज, वर्तमानपत्रे आणि नवी पुस्तके भागवावी लागतात. हप्ता लांबला की प्रथम थांबते ते ग्रंथपालाचे मानधन, आणि मग पुस्तकखरेदी.

दुसरा आक्षेप असा, की आता सर्व काही मोबाईलवर मिळते. ग्रंथालय हवे कशाला? यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहतात, तेथे स्पर्धा परीक्षेस बसणाऱ्या मुलास शांत जागा मोबाईल देऊ शकत नाही. दुपारी दोन पुस्तके बदलून नेणाऱ्या गृहिणीस आणि चार वर्तमानपत्रे चाळण्यास येणाऱ्या वृद्धास तेथे जो मनुष्यसहवास लाभतो, तोही त्यात नाही. शिवाय गावचे जुने अंक आणि दुर्मिळ ग्रंथ सांभाळावयाचे कोणी?

आमचे लोक दानात कृपण नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार असो, उत्सवाचा मांडव असो वा अन्नदान असो, हात आखडता घेतला जात नाही, आणि तो घेऊही नये. आम्ही एवढेच सुचवितो, की विद्यादानास श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाने त्या ओघातला एक लहानसा पाट ग्रंथालयाकडे वळवावा. उत्सव मंडळांनी शिलकेतून पुस्तके द्यावीत, घरातील मंगलकार्यानिमित्त एखाद्या मुलाची वार्षिक वर्गणी भरावी, आणि सभासदांनी वार्षिक सभेस जाऊन हिशेबही विचारावा. देणारा जागरूक असला म्हणजे संस्था नीट चालते. शासनाकडे वेळेवर अनुदान मागण्याचा अधिकारही अशा समाजाच्याच तोंडी शोभतो.

आज पाटीपूजन आटोपले, की सायंकाळी सोने वाटावयास निघालेली पावले क्षणभर ग्रंथालयाकडेही वळावीत. मुलांना बरोबर न्यावे आणि त्यांचे नाव तेथल्या सभासदांच्या वहीत नोंदवावे. सीमोल्लंघनास याहून चांगला मुहूर्त कोणता?