उठलेला अंमल, उरलेली कलमे

डिसेंबर 1989मध्ये चिली देशातील सांतियागो पश्चिम या मतदारसंघात सिनेटच्या दोन जागांसाठी जी निवडणूक झाली, तिचा निकाल लोकशाहीच्या प्रत्येक अभ्यासकाने एकदा तरी सावकाश वाचावा असा आहे. लष्करी राजवटीच्या विरोधकांच्या आघाडीचे दोन उमेदवार, आंद्रेस साल्दीवार आणि रिकार्दो लागोस, यांना अनुक्रमे सुमारे 31.3 व 30.6 टक्के मते पडली. राजवटीच्या बाजूचे हाइमे गुझ्मान यांना अवघी 17 टक्के मिळाली. आणि सभागृहात गेले ते साल्दीवार व गुझ्मान. लागोस घरी बसले. मतमोजणीत कोणी लबाडी केली नव्हती, पेट्या कोणी पळविल्या नव्हत्या. कायदाच असा होता की, दोन्ही जागा हव्या असतील तर पहिल्या आघाडीने दुसरीच्या दुप्पट मते मिळविली पाहिजेत, आणि विरोधकांच्या आघाडीची एकूण सुमारे 62 टक्के मते ही गुझ्मान यांच्या आघाडीच्या एकूण सुमारे 32 टक्क्यांच्या दुप्पट भरत नाहीत. ज्यांच्या पदरी असा विजय पडला ते गुझ्मान महाशय कायद्याचे प्राध्यापक होते, आणि 1980च्या लष्करी राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार म्हणून ते ओळखले जात, हे सांगितले म्हणजे या निकालाची खुमारी पुरती ध्यानात येते.

11 सप्टेंबर 1973 रोजी मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांतून बाँब टाकून साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथण्यात आले, आणि त्यानंतरच्या सतरा वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसे मारली अथवा नाहीशी केली गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. लष्करशाहीचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा तेथेच खिळून राहते. परंतु सरसेनापती ऑगुस्तो पिनोशे यांच्या राजवटीचे खरे कौशल्य, आणि माझ्या मते तिचा अधिक चिवट अपराध, तिच्या दफ्तरांत सापडतो. आपले विरोधक उद्या सत्तेवर आले तरी त्यांना आपल्या इच्छेहून फारसे निराळे काही करता येऊ नये अशी घटना असावी, असे गुझ्मान यांनी 1979मध्येच निःसंकोचपणे लिहून ठेवले होते, आणि त्या बेताप्रमाणे मसुदा उतरलाही. ऑक्टोबर 1988च्या सार्वमतात सुमारे 56 टक्के लोकांनी पिनोशे यांना नकार दिला, मार्च 1990मध्ये पात्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्षपदी रुजू झाले. पण सिनेटच्या 38 निर्वाचित जागांपैकी 22 जिंकूनही त्यांची आघाडी अल्पमतातच राहिली, कारण माजी सेनाधिकारी, माजी न्यायाधीश अशा नऊ नेमलेल्या सभासदांची खोगीरभरती घटनेनेच करून ठेवली होती. सेनाप्रमुखांना बडतर्फ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. मतदारांनी नाकारलेले पिनोशे 1998पर्यंत सैन्याचे सरसेनापती राहिले आणि त्यानंतर तहहयात सिनेटर झाले!

फौजेच्या पोटापाण्याची तजवीजही अशीच पक्की होती. सरकारी तांबे कंपनी कोडेल्को हिच्या निर्यातविक्रीचा दहावा हिस्सा शस्त्रखरेदीसाठी परस्पर सेनेकडे जाई. नफ्याचा नव्हे, विक्रीचा. मराठेशाहीत फौजेच्या खर्चासाठी मुलूख लावून देत, त्याला सरंजाम म्हणत. परंतु सरंजाम निदान जप्त तरी होऊ शके. चिलीतील हा कायदा 2019मध्ये रद्द झाला, म्हणजे लोकशाही परतल्यानंतर तब्बल 29 वर्षांनी. त्याहून बोलकी गोष्ट निवृत्तिवेतनाची. 1981मध्ये राजवटीने साऱ्या कामगारवर्गाचे निवृत्तिवेतन खाजगी कंपन्यांच्या हवाली केले. सेनादलांना मात्र त्यातून वगळून त्यांची जुनी सरकारी पद्धत कायम ठेवली. स्वतःच्या औषधावर वैद्याचा विश्वास किती, हे यावरून कळावे.

कलमांच्या मागे बंदूक उभी होतीच. पिनोशे यांच्या चिरंजिवांशी निगडित धनादेशांचे प्रकरण पुन्हा निघाले तेव्हा, मे 1993मध्ये, राष्ट्राध्यक्ष परदेशी असताना, काळ्या टोप्या घातलेले सशस्त्र सैनिक मोनेदा प्रासादासमोरच्या लष्करी इमारतीपाशी येऊन उभे राहिले. गोळी एकही सुटली नाही. तिची गरजच नव्हती.

न्यायालयांनी मात्र हळूहळू वाट काढली, आणि तिचे कौतुक केलेच पाहिजे. 1978च्या एका फर्मानाने 1973 ते 1978 या काळातील गुन्ह्यांना सरसकट माफी दिली होती. हुआन गुझ्मान (आडनाव तेच, मार्ग अगदी निराळा) या न्यायाधीशांनी असा युक्तिवाद स्वीकारला की, ज्या माणसाला पकडून नेले आणि ज्याचा देह आजवर सापडला नाही, त्याच्या अपहरणाचा गुन्हा अद्याप पुरा झालेलाच नाही. तो चालूच आहे, म्हणून माफीच्या मुदतीत तो बसत नाही. ज्या क्रौर्याने पुरावा नष्ट केला, त्याच क्रौर्याने गुन्हेगारांचे संरक्षणही काढून घेतले. तरीही पिनोशे 2006मध्ये वारले ते कोणत्याही खटल्यात दोषी न ठरता.

आपल्याकडील आणीबाणी नागरी सत्तेची होती, सैन्याची नव्हे; तरी 42व्या घटनादुरुस्तीतील बराच भाग 43व्या व 44व्या दुरुस्त्यांनी अल्पावधीत काढता आला, हे येथे आठवते. चिलीत तसे घडले नाही. नेमलेले सिनेटर 2005च्या घटनादुरुस्तीने गेले, आणि त्या दुरुस्त घटनेवर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केली ती 1989मध्ये घरी बसलेल्या लागोस यांनीच. दुपटीची निवडणूकपद्धत 2015मध्ये हटली. पण तोवर एक पिढी वाढली होती, आणि तिच्यापुढे ज्यांनी राज्य केले त्या लोकशाहीवाद्यांनाही बांधलेल्या हातांची सवय जडली होती. किंबहुना ती एक सोयीची सबब झाली होती, आणि अशी सबब हात सुटल्यावरही पुष्कळ दिवस वापरता येते. माझा आक्षेप मुख्यतः या सवयीवर आहे.

ऑक्टोबर 2019मध्ये भुयारी रेल्वेचे भाडे 30 पेसोंनी वाढले, तेव्हा रस्त्यावर उतरलेले लोक म्हणत होते की, प्रश्न तीस पेसोंचा नसून तीस वर्षांचा आहे. लष्करशाहीचे वर्ष त्या हिशेबात एकही नव्हते. ती सारी लोकशाहीची होती. 2020मध्ये 78 टक्के मतदारांनी नवी घटना मागितली. 388 कलमांचा डाव्यांच्या वर्चस्वाखालचा मसुदा 2022मध्ये सुमारे 62 टक्क्यांनी फेटाळला, आणि उजव्यांचा मसुदा 2023मध्ये सुमारे 56 टक्क्यांनी. दोन्ही मसुद्यांत दोष होते, हे खरे. परंतु सेनेने आखलेल्या चौकटीत प्रतिनिधींना इतकी वर्षे अडखळताना पाहिल्यावर मतदाराचा विश्वास सेनेवरून नव्हे, प्रतिनिधींवरूनच उडाला होता, असे मला वाटते. पिनोशे यांची सही ज्या घटनेवरून पुसली गेली, ती 1980चीच घटना, अनेक दुरुस्त्यांसह, आज चिलीत अमलात आहे. आणि माफीचे ते 1978चे फर्मान न्यायाधीश लागू करीत नाहीत खरे, पण ते रद्द करण्याचे काम लोकनियुक्त विधिमंडळाने इतक्या वर्षांत पुरे केलेले नाही. यापुढचा दोष सेनापतींच्या खाती घालता येणार नाही.