घण कोणाच्या हातात होता?

१/ पॉवर हॅमर आला आणि गावचा लोहार संपला, असे सर्रास म्हटले जाते. या सोप्या वाक्यात दोन चुका आहेत. लोहाराचे काम आधीच दुसऱ्या कारणांनी ओसरले होते. आणि यंत्राने ऐरणीवरून उठवले ते दुसऱ्याच कोणाला तरी. देगलूर परिसरापासून सुरुवात करून दोन्ही चुका तपासू. #धागा

२/ देगलूर मराठी, तेलुगू आणि कानडी मुलखांच्या सांध्यावर वसलेले. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्याच संस्थानात, मांजरेच्या पूर्वेला, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम आहे. तेथे मुशीत पोलाद तयार होई.

३/ लॅम्ब्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी याने ते काम पाहिले. त्याचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे पोलाद घेण्यासाठी इराणी व्यापारी थेट या खेड्यात येत, असे त्यावरून कळते.

४/ अशा पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्का असते. ते फार तापवून ठोकले तर चुरते. बेताच्या आचेवर, हलक्या घावांनी, पुन्हा पुन्हा ठोकावे लागते. युरोपातील अनेक लोहारांना ते साधले नाही. लोहारकामात बळाइतकीच आच ओळखणारी नजर महत्त्वाची, हे यावरून दिसते.

५/ युरोपातील कारखान्यांची गरज निराळी होती. ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाच्या अवजड दांड्यासाठी जेम्स नॅस्मिथने १८३९ मध्ये वाफेच्या हातोड्याचे रेखाटन केले. १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे विजेची मोटर आल्यावर असा हातोडा लहान कारखान्यातही मावू लागला.

६/ गावच्या लोहाराकडे भाता, ऐरण, हातोडा, घण, सांडशी आणि छिन्नी. त्यांवर घडे नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळा, खुरपे, कुऱ्हाड, गाडीच्या चाकाची धाव. मोबदला म्हणजे सुगीला मिळणारे बलुते.

७/ हे काम कोणी नेले? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये ओतीव लोखंडाचा नांगर तयार केला. टाटांच्या साकची येथील कारखान्यातून १९१२ मध्ये पोलाद निघू लागले. नंतर ट्रॅक्टर आला, बैल घटले, गाडीला रबरी टायर लागले, बलुते बंद पडले. लोहाराचे गिऱ्हाईक तुटले ते असे.

८/ आता दुसरी चूक. ऐरणीवर दोघे लागतात. एक जण सांडशीने तापलेले लोखंड धरतो आणि लहान हातोड्याने जागा दाखवतो. दुसरा तेथे घण घालतो. महाराष्ट्रात फिरून लोहारकाम करणाऱ्या घिसाडी कुटुंबांत घण घालणारी बहुधा स्त्री असते. पॉवर हॅमरने तिची जागा घेतली. पायाने दांडा दाबला की घाव बसतो. एकटा कारागीर पुरतो.

९/ घण घालणे शरीर झिजवणारे काम. ते संपल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण यंत्राला वीज लागते, पक्की जागा लागते, भांडवल लागते. पालावर राहणाऱ्या कुटुंबाने ते आणावे कोठून? कष्ट वाचले ते दुकानमालकाचे; तिचा मात्र रोजगार गेला. या फरकाला ‘प्रगती’ हा एकच शब्द वापरणे अन्यायाचे आहे.

१०/ इतिहासाच्या नोंदींतही हाच पक्षपात. नॅस्मिथचे नाव आणि साल पाठ असते, व्हॉयसीचेही सापडते. मात्र घण घालणारी तेवढी ‘लोहाराची बायको’. तिच्या श्रमाला स्वतंत्र व्यवसाय मानले गेले नाही, म्हणून तो केव्हा संपला याची तारीखही कोणी लिहिली नाही.

११/ जुनी ऐरण काचेच्या पेटीत ठेवल्याने ही उणीव भरून निघणार नाही. देगलूरच्याच नव्हे, कोणत्याही तालुक्याच्या बाजारात घण घातलेल्या वृद्ध स्त्रिया आज भेटू शकतात. कितव्या वर्षी घण हाती घेतला, एका फाळाला किती घाव लागत, रंगावरून आच कशी ओळखत, काम कधी सुटले : एवढे विचारून, त्यांच्या संमतीने लिहून ठेवता येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम आताच हाती घ्यायला हवे. त्या स्त्रिया गेल्यावर हे सांगणारे दुसरे साधन उरणार नाही.