पंचवटीचे जुने रहिवासी

नाशिकास आमच्या घराण्याचें येणेंजाणें तीन पिढ्यांचें आहे. लग्न झालें कीं जोडप्यानें काळ्या रामाच्या पायां पडून यावें, घरांतील वडील माणूस गेलें कीं अस्थि रामकुंडावर न्याव्या, आणि सिंहस्थ आला कीं ज्याला जमेल त्यानें स्नान करून यावें, असा आमच्याकडे प्रघात. त्यामुळें ह्या मार्गशीर्षांत थोरल्या काकूंना घेऊन आम्ही सहकुटुंब निघालों, तेव्हां ह्या सदरासाठीं कांहीं नवें हातीं लागेल अशी अपेक्षा नव्हती. परंतु दोन दिवसांत जें पाहिलें, आणि त्याहूनहि आमच्या हातून जें घडलें, तें वाचकांपासून झांकून ठेवणें बरें दिसणार नाहीं.

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिकास येते ती अजून पोर वयाचीच असते. रामकुंडाशीं ती दक्षिणेकडे वळते. एका तीरावर जुनें नाशिक, दुसऱ्या तीरावर पंचवटी, आणि दोहोंमध्यें पायऱ्यापायऱ्यांचे घाट. १७४७ सालचें नारोशंकराचें देऊळ आणि त्याच्या वेशीवरील ती प्रचंड घंटा मुलांनीं मान वर करकरून पाहिली. १७३९ सालच्या वसईच्या विजयांतून ती आली असें सांगतात. १७५६ सालच्या सुंदरनारायणाच्या देवळांतील कोरीव कामापुढें घरांतील स्त्रिया बराच वेळ उभ्या होत्या. कपालेश्वराच्या समोर नंदी नाहीं, हें आमच्या पुतण्यानें न सांगतां हेरलें. घाटावरचा दुतोंड्या मारुति तर नाशिककरांचें पर्जन्यमापकच. पुराचें पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत चढलें कीं कमरेपर्यंत, ह्यावरून गांवांत त्या वर्षीच्या पावसाची प्रत ठरते.

काळ्या रामाचें मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणांत बांधविलें. त्याच्या दाराशीं मुलांना थांबवून आम्हीं एक गोष्ट मुद्दाम सांगितली. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखालीं हजारों स्त्रीपुरुष येथें दर्शनाचा हक्क मागावयास आले, आणि दारें त्यांच्यासाठीं उघडलीं नाहींत. हा सत्याग्रह पुढें कांहीं वर्षें चालला. दारें लावून घेणारे लोक कोणी राक्षस नव्हते. ते आपल्यासारख्याच घरांतले, संध्या करणारे आणि रामरक्षा म्हणणारे होते. देव आपल्या एकट्याचा आहे ही समजूत सज्जनांच्या मनांतहि किती सहज घर करते, हें मुलांना कळावें एवढाच आमचा हेतु होता. तीच समजूत नदीविषयीं आम्हीहि बाळगून आहों, हें मात्र त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं.

तें असें झालें. काकूंनीं वर्षभराचें वाळलेलें निर्माल्य, झिजलेलें आसन आणि कांहीं जुन्या तसबिरी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून आणल्या होत्या. घाटावर निर्माल्यासाठीं निराळा कलश ठेवलेला होता. काकू घुटमळल्या. “गंगेत सोडायचं म्हणून घरून आणलंय रे, त्या डब्यात कसं टाकू?” असें त्या म्हणाल्या. गर्दी होती, उशीर होत होता. आम्हीं पिशवी त्यांच्या हातांतून घेतली, गांठ न सोडतां पात्रांत भिरकावली आणि हात जोडले. पुतण्यानें विचारलें, “काका, ती आतां कुठं जाणार हो?” “समुद्राला,” आम्हीं म्हटलें, आणि पुढें चालूं लागलों.

संध्याकाळीं क्षेत्रोपाध्यायांच्या ओसरीवर बसलों. त्यांनीं वही काढून आमच्या आजोबांची सही दाखविली, आणि बोलणें नदीवर आलें. २०१६ सालच्या दुष्काळांत गुढीपाडव्याच्या सुमारास रामकुंड कोरडें पडलें, आणि भाविकांच्या स्नानासाठीं टँकरनें पाणी आणून घालावें लागलें. २००३ च्या सिंहस्थापूर्वीं सोयीसाठीं म्हणून पात्राच्या तळांत काँक्रीट ओतलें गेलें होतें. त्याखालीं जुन्या कुंडांचे जिवंत झरे बुजले, हें नाशिककरांचें जुनें गाऱ्हाणें आहे. नदीची पूजा करावी, आणि पूजा करणारांची सोय व्हावी म्हणून तिचाच श्वास कोंडावा, हा आपला धर्म मोठा चमत्कारिक खरा!

दुसऱ्या दिवशीं पहाटेस आम्ही नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं, निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वरास निघालों. नाशिकाहून हें अंतर सुमारें ४० किलोमीटर. येथें गोदावरीस कादवा मिळते. संगमाजवळ इंग्रजी अमदानींत कालव्यांसाठीं बंधारा घातला गेला. वर्षानुवर्षें त्यांत गाळ सांचला, पाणी उथळ झालें, बेटें उठलीं, पाणवनस्पति माजल्या. पाणी सांठविणाराच्या हिशोबीं हें नुकसानच, पण पांखरांना त्यांतूनच घर मिळालें. १९८६ सालीं येथें पक्षी अभयारण्य झालें. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं इराणांतील रामसर गांवीं १९७१ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत २०२० सालीं ह्या जागेचें नांव जाहीर झालें. महाराष्ट्रांतून हा मान प्रथम मिळाला तो ह्याच जागेला.

चापडगांवच्या बाजूनें मनोऱ्यावर चढलों तेव्हां धुकें विरत होतें. गांवांतीलच एका तरुणानें दुर्बीण लावून दिली. चमच्यासारख्या चोचीनें चिखल ढवळणारे चमचे, उघड्या चोचीचे करकोचे, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, एकामागून एक दिसूं लागले. मग त्यानें पाण्याच्या कडेस बसलेली एक नारिंगी जोडी दाखविली. तिला ब्राह्मणी बदक म्हणतात हें ऐकून मुलें हंसलीं. पण काकूंनीं तिचें संस्कृत नांव विचारलें, आणि ‘चक्रवाक’ हा शब्द ऐकतांच त्या दुर्बिणीपासून हालेनात. रात्रीं एकमेकांपासून दुरावणारी ही जोडी त्यांनीं वडिलांकडून काव्यांत ऐकली होती. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ती प्रथमच डोळ्यांनीं पाहिली.

आम्हांस तेव्हां वाल्मीकींची आठवण झाली. पंचवटीजवळच्या गोदावरीचें वर्णन करतांना त्यांनीं हंस, कारंडव व चक्रवाक ह्यांचीं नांवें घेतलीं आहेत. लक्ष्मणानें पर्णकुटी बांधली तेव्हां तेथें एकहि देऊळ नव्हतें. वन होतें, नदी होती आणि पांखरें होतीं. पंचवटीच्या वाटेवर रामास भेटलेला पहिला स्नेही जटायु, तोहि गिधाडच. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक ह्या औषधामुळें मेलेलीं जनावरें खाऊन गिधाडें भारतभर मेलीं, आणि २००६ सालीं गुरांच्या उपचारांतून त्या औषधावर बंदी घालावी लागली. अंजनेरीच्या कड्यांवर अजून थोडीं घरटीं आहेत. एरवीं आपण देवळांत जटायूची कथा ऐकतों आणि आकाशांतून तो नाहींसा झाल्याचें आपल्याला कळतहि नाहीं.

मनोऱ्यावरून उतरतांना पुतण्या एकदम थांबला. पाणवेलींच्या गुंत्यांत, एका वेड्या बाभळीच्या मुळांशीं, फुगलेल्या पिशव्या अडकल्या होत्या. एकींतून हारांचा दोरा बाहेर लोंबत होता. आमची पिशवी एका रात्रींत एवढा पल्ला गांठणें शक्य नव्हतें. पण त्या पिशव्या कोणाच्या तरी देवघरांतूनच आल्या होत्या. “काका, समुद्राला नाहीं गेल्या,” तो म्हणाला. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

परतीच्या वाटेवर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वाड्यात वरच्या माडीवरून कुणी मोरीचं पाणी खालच्या अंगणात सोडलं, तर आपण भांडायला उठतो. ही पाखरं भांडायला कुणाकडे जातील?”

एकत्र कुटुंबांत राहणारांस ह्याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. नदी हाहि एक वाडाच आहे. आपण वरच्या चौकांत स्नान करतों म्हणून खालच्या चौकांतील बिऱ्हाडें नाहींशीं होत नाहींत. चक्रवाकांचें बिऱ्हाड तर आपल्याहून फार जुनें.

जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं थोडी माहिती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. सूर्योदयापूर्वीं पोंचावें, भडक रंगाचीं वस्त्रें टाळावीं, मुलांना हळू बोलण्यास शिकवावें, आणि गांवांतील वाटाड्या अवश्य बरोबर घ्यावा, कारण त्याच्या मिळकतीवरच गांवाचें ह्या पांखरांवरील प्रेम टिकतें. शिदोरीचीं पानें व कागद परत घरीं आणावे. देवदर्शनास एक दिवस दिलात तर दुसरा ह्यास द्या. दोन्ही मिळूनच पंचवटी पुरी होते.

आमच्या घरीं आतां निर्माल्याची टोपली तुळशीवृंदावनामागें ठेवली आहे. त्याचें खत काकू स्वतः कुंड्यांना घालतात. पुतण्या मात्र अद्याप आमच्याकडे थोडा संशयानेंच पाहतो, आणि तें योग्यच आहे.