व्होल्गाकाठचे ऋण

सप्टेंबर १९४२ मध्ये रोदिम्त्सेव यांची १३ वी गार्ड्‌स पायदळ डिव्हिजन रात्रीच व्होल्गा ओलांडून जळत्या स्टालिनग्राडमध्ये उतरली आणि नाझी फौजेशी घराघरांतून झुंजली. त्याच वेळी येथे ‘चले जाव’चे सेनानी तुरुंगात होते व कम्युनिस्ट पक्ष ‘लोकयुद्धा’चा उद्‌घोष करीत होता. ती भूमिका चुकीचीच होती. परंतु वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ केवळ पक्षादेशाचा प्रतिध्वनी म्हणून बाजूस सारणे हा अन्याय होय. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या या मातंग तरुणाने शिवकालापासूनचे शाहिरी रूप दूरदेशीच्या कामकरी सैनिकांसाठी योजिले. स्टालिनच्या जुलमांचा हिशेब त्या सैनिकांच्या माथी मारता येणार नाही. १९६१ साली अण्णा भाऊ रशियास जाऊन आले. त्याच वर्षी शहराचे नाव व्होल्गोग्राड झाले. पवाड्याचे मात्र तेच राहिले.