मेंदूतील गाठ आणि निळा प्रकाश

मेंदूतील कर्करोगाच्या गाठीवर शस्त्रक्रिया करणाऱ्यापुढे जो पेच असतो, तो इतर अवयवांच्या बाबतीत इतका बिकट क्वचितच असतो. स्तनातील गाठ काढताना भोवतालचा बोटभर निरोगी भागही काढता येतो. मेंदूत हे औदार्य चालत नाही. थोडे अधिक काढले तर रोग्याची वाचा जाईल किंवा हात लुळा पडेल, थोडे राहिले तर गाठ लवकर डोके वर काढील. आणि ग्लायोमा जातीच्या गाठीची कड तर साध्या पांढऱ्या प्रकाशात निरोगी मेंदूपासून ओळखूच येत नाही!

ती कड दाखविणारी युक्ती आता वैद्यकास सापडली आहे. भूल देण्यापूर्वी सुमारे तीन तास रोग्यास अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल पाण्यातून पाजतात. रक्तातील लाल द्रव्य घडविण्याच्या कामी आपले शरीर स्वतःच हे आम्ल बनवीत असते. दुष्ट गाठीच्या पेशींत मात्र ते काम अर्ध्यावर अडते व पोर्फिरिन नावाचे द्रव्य साचून राहते. सूक्ष्मदर्शकातून निळा-जांभळा प्रकाश टाकताच ते लाल-गुलाबी चमकू लागते; निरोगी मेंदू निळाच दिसतो. (औषधानंतर एक-दोन दिवस रोग्याने उन्हापासून जपावे लागते, हे आमच्या मराठवाड्यात विशेष सांगावयास हवे.) जर्मनीतील डॉ. स्टुमर यांच्या 2006 सालच्या चाचणीत या पद्धतीने 65 टक्के रोग्यांची दिसणारी गाठ संपूर्ण निघाली. पांढऱ्या प्रकाशात हे प्रमाण 36 टक्के होते. तथापि याने रोग समूळ जातो असे कोणी मानू नये. सौम्य ग्लायोमा बहुधा चमकत नाहीत आणि कडेच्या विरळ पेशीही निसटतात.

हे ज्ञान परदेशापुरते राहिलेले नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अलीअसगर मोईयादी यांनी आपला अनुभव 2014 सालीच प्रसिद्ध केला आहे. प्रश्न आहे तो परांडा-भूमच्या शेतकऱ्याचा. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली बार्शी येथे सुरू झाली, तीत आमच्या जिल्ह्यातील हे दोन्ही तालुके होते. ज्यांच्या गावोगाव फिरून रोग मोजला गेला, त्यांना उपचाराच्या वेळी मुंबईची वाट दाखवून मोकळे होणे सरकारास शोभत नाही.

धाराशिवात उद्याच मेंदूची शस्त्रक्रिया सुरू करा, असे आम्ही म्हणणार नाही. अशी कामे अनुभवी हातांतच असावीत. परंतु सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास असा सूक्ष्मदर्शक देणे अशक्य कोटीतले नव्हे. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल महाग आहे. ते परवडेपर्यंत नेत्रवैद्यांच्या नित्य वापरातील स्वस्त फ्लुओरेसीन वापरता येईल. ते पेशीत न शिरता गळक्या रक्तवाहिन्यांतून गाठीत उतरते, म्हणून त्याची खूण कमी नेमकी. पण 1948 पासून ते शस्त्रवैद्यांच्या परिचयाचे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दोहोंचाही खर्च निःसंदिग्धपणे धरला जावा.

आणि धाराशिवच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या वाटणीचे काम आजच हाती घ्यावे. प्रौढ वयात प्रथमच फिट आली की कांदा हुंगविण्यात अजूनही दिवस जातात. पहाटेची डोकेदुखी व उलटी पित्तावर ढकलली जाते. अशा रोग्याच्या मेंदूचे चित्र विनाविलंब काढून त्याला पुढे धाडण्याची सक्त सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रास गेली पाहिजे.