आकडे उतरवू नयेत, जोडावेत

एक्सेलसारख्या प्रणालीत शेताचा हिशेब ठेवणारे शेतकरी व ग्रामसेवक बियाणे, खते, मजुरी यांची पाने निराळी ठेवतात, हे योग्यच आहे. परंतु त्यांच्या बेरजा ताळेबंदाच्या पानावर हाताने उतरवून घेण्याची रीत घातक होय. समजा, ४० मजुरांची मजुरी ३०० रुपये दराने १२,००० रुपये मांडली व मागाहून दर ३५० रुपये असल्याचे आढळले. दुरुस्तीनंतर मजुरीच्या पानावर १४,००० येतील. ताळेबंदात मात्र १२,०००च राहतील आणि नफा २,००० रुपयांनी फुगलेला दिसेल. त्या भरवशावर पुढील हंगामाचे कर्ज काढणारा शेतकरी फसेल.

यास्तव ताळेबंदाच्या चौकटीत बरोबरचे चिन्ह लिहून मजुरीचे पान उघडावे, बेरजेच्या चौकटीवर टिचकी द्यावी व एंटर दाबावे. मग मूळ बेरीज बदलताच ताळेबंदही बदलतो. मात्र बेरजेची ओळच काढून टाकल्यास ही जोडणी तुटते व आकड्याऐवजी चूक दर्शविणारी खूण उमटते. शिवाय मूळ नोंद चुकली, तर ती चूकही ताळेबंदात उतरते. म्हणून पावत्या व हजेरीवही यांच्याशी नोंदी ताडून पाहण्याचे काम माणसानेच केले पाहिजे.